मोटारीच्या नाकात उंदराचे घर

मोटारीच्या काचा वर केल्या की आपण रस्त्यावरच्या धुळीपासून सुटलो, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात बंद मोटारीतही बाहेरची हवा आत येत असते, आणि ती यावीच लागते. फक्त ती ज्या वाटेने येते ती वाट आपल्याला दिसत नाही. समोरच्या काचेच्या खाली, वायपरच्या मुळाशी, एक जाळीदार पट्टी असते. तिथून हवा आत शिरते, घड्या घातलेल्या एका फिल्टरमधून गाळली जाते आणि पंख्याने ढकलली जाऊन आपल्या तोंडावर येते. आपल्या नाकातले केस जे काम करतात तेच काम हा फिल्टर मोटारीसाठी करतो. इंजिनाला हवा पुरवणारा एअर फिल्टर वेगळा. हा माणसांसाठी असतो. गॅरेजमध्ये याला केबिन फिल्टर किंवा नुसते 'एसीचा फिल्टर' म्हणतात.

हा फिल्टर ठरावीक काळाने बदलायचा असतो. तो बाहेर काढला की त्याच्या वरच्या अंगाला धूळ, वाळकी पाने, मेलेले किडे दिसतात. हे अपेक्षितच आहे. पण कधी कधी त्याच्यावर चिंध्या, कापूस, सुतळीचे धागे आणि कागदाचे कपटे यांचा एक गोळा बसलेला असतो. शेजारी लेंड्या आणि हरभऱ्याची फोलपटे असतात. फिल्टरचा एक कोपरा कुरतडून त्याचाच पिंजलेला लोकर गोळ्यात भरलेला असतो. ते उंदराचे घरटे असते. आपण महिनोन्‌महिने त्यावरून आलेली हवा श्वासात घेत होतो हे तेव्हा कळते.

हा प्रकार खेड्यात अधिक का घडतो, ते एका गावाच्या उदाहरणाने पाहू. हिंगोली जिल्ह्यात सेनगाव तालुक्यात पुसेगाव आहे. साताऱ्याचे, सेवागिरी महाराजांचे पुसेगाव वेगळे. हिंगोलीचा हा भाग सोयाबीन, तूर, हळद आणि हरभऱ्याचा. सोयाबीन जूनमध्ये पेरतात आणि ऑक्टोबरच्या सुमाराला काढतात. तोपर्यंत शेतातल्या उंदरांना चारा, दाणा आणि आडोसा यांची ददात नसते. काढणी झाली की आठ-पंधरा दिवसांत शिवार उघडे पडते. मग उंदीर बांधाकडे, सोयाबीनच्या सुडीकडे, कडब्याच्या गंजीकडे आणि शेवटी गोठ्याकडे व घराकडे सरकतात. मोटार उभी असते ती नेमकी इथेच, गोठ्याला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये किंवा धान्याच्या पोत्यांच्या खोलीबाहेर. शिवाय अशा गावातली मोटार रोज चालत नाही. ती बाजाराला, लग्नकार्याला किंवा दवाखान्याला निघते, एरवी उभीच असते. उभी मोटार म्हणजे उंदरासाठी कोरडी, अंधारी आणि कोणी न त्रास देणारी खोली होय.

या एका फिल्टरच्या निमित्ताने भौतिकशास्त्र, प्राणिशास्त्र आणि आरोग्यशास्त्र ही तिन्ही शिकवता येतात. म्हणून आम्ही हा विषय इथे थोडा सविस्तर घेत आहोत.

हवा तिथूनच का घेतात?

मोटार चालू लागली की समोरची हवा बॉनेटवरून सरकत येते आणि उभ्या काचेच्या पायथ्याशी अडते. अडलेल्या हवेचा दाब तिथे आजूबाजूपेक्षा थोडा वाढतो. म्हणजे पंखा बंद असला तरी हवा तिथून आपोआप आत ढकलली जाते. हवेचे तोंड काचेच्या मुळाशी ठेवण्याचे हे मुख्य कारण आहे. ते जमिनीपासून उंच आणि पुढच्या वाहनाच्या धुरापासून थोडे दूर असते हाही एक फायदा.

बाहेरची हवा लागतेच कशाला, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. त्याचे उत्तर गणिताने द्यावे. मोटारीच्या आतली जागा साधारण ३ घनमीटर, म्हणजे ३००० लिटर धरू. स्वस्थ बसलेला माणूस तासाला सुमारे १५ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. चार माणसे पाव तासात १५ लिटर टाकतील. हवा मुळीच बदलली नाही, तर पंधरा मिनिटांत त्या ३००० लिटरमध्ये या वायूचे प्रमाण ०.५ टक्क्याने वाढेल. बाहेरच्या हवेत ते सुमारे ०.०४ टक्के असते. म्हणजे वाढ बारा पटींहून अधिक झाली. खऱ्या मोटारीला फटी असतात, त्यामुळे वाढ याहून कमी होते. पण आतलीच हवा फिरवण्याचे बटण लावून लांबचा प्रवास केला की डोके जड का होते आणि पेंग का येते, हे या हिशेबावरून समजते.

फिल्टर घाणीने किंवा घरट्याने बुजला की नेमकी हीच ताजी हवा कमी होते. पंख्याचा आवाज येतो, पण झोत येत नाही. श्वासातली वाफ बाहेर न गेल्यामुळे पावसाळ्यात काचेवर आतून धुके धरते आणि समोरचे दिसेनासे होते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पंख्याचा वेग कमी-जास्त करणारा विद्युतरोधक पुष्कळ मोटारींत या झोताच्या वाटेतच बसवलेला असतो, कारण तापल्यावर तो त्याच हवेने थंड होतो. झोत अडला तर तो जास्त तापतो आणि निकामी होऊ शकतो. त्याच्या जवळ वाळलेला कापूस आणि कागद असणे मुळीच चांगले नाही.

बारीक कण अडतात कसे?

पीठ चाळताना चाळणीच्या भोकापेक्षा मोठा कण वर राहतो आणि लहान खाली पडतो. फिल्टरही असाच चालतो असा बहुतेकांचा समज असतो. तसे असते तर एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा कण अडवायला भोके त्याहून बारीक करावी लागली असती आणि मग त्यातून हवाही जेमतेम गेली असती. फिल्टरचे कापड विणलेले नसते. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे तंतू एकमेकांत वेडेवाकडे दाबून ते केलेले असते. तंतूंमधली अंतरे अडवायच्या कणांपेक्षा पुष्कळ मोठी असतात. तरी कण अडतात, ते तीन-चार कारणांनी.

पहिले कारण जडत्व. अरुंद वळणावर सायकल वळते, पण भरधाव लादलेला ट्रॅक्टर वळू शकत नाही आणि सरळ भिंतीवर जातो. हवा तंतूला वळसा घालून जाते, पण तिच्यातला जड कण सरळ जाऊन तंतूवर आदळतो. परागकण आणि रस्त्यावरची जाडी धूळ अशी अडते. दुसरे कारण, मध्यम कण हवेबरोबर वळतो खरा, पण वळताना त्याची कड तंतूला घासते आणि तो चिकटतो. इतक्या लहान आकारात पृष्ठभागाची ओढच मोठी असते. तिसरे कारण थोडे अनपेक्षित आहे. धुरातले अतिसूक्ष्म कण इतके हलके असतात की हवेचे रेणू त्यांना सतत इकडून तिकडे ढकलत असतात. त्यांची वाट सरळ नसते, ती दारुड्याच्या चालीसारखी असते. त्यामुळे ते कुठल्या ना कुठल्या तंतूवर आदळतातच. हीच ब्राउनीय गती. याखेरीज काही फिल्टरांच्या तंतूंवर विद्युतभार दिलेला असतो. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, तसा तो कणांना ओढतो.

आता विद्यार्थ्यांना विचारावे: मोठे कण जडत्वाने अडतात, अगदी लहान कण ब्राउनीय गतीने अडतात, तर सर्वांत जास्त निसटणारे कण कोणते? उत्तर आहे मधले, साधारण ०.१ ते ०.५ मायक्रॉनचे. ते आदळण्याइतके जड नसतात आणि भरकटण्याइतके हलकेही नसतात. 'जितका कण लहान तितका तो अडवणे अवघड' हे आपल्याला सहज पटणारे विधान इथे खोटे ठरते.

काही फिल्टरांत सक्रिय कोळशाचा थर असतो. त्यामुळे वास आणि काही वायू कोळशाच्या पृष्ठभागावर धरले जातात. पण कार्बन मोनॉक्साइड त्याने अडत नाही. म्हणून बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून मोटारीत बसणे, फिल्टर कितीही नवा असला तरी, जिवावर बेतू शकते.

फिल्टरला घड्या कशासाठी असतात? २० सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद चौकटीचे क्षेत्रफळ ४०० चौरस सेंटिमीटर होते. तीत १ सेंटिमीटरच्या अंतराने, ३ सेंटिमीटर खोल घड्या घातल्या तर घड्या २० होतील. प्रत्येक घडीला दोन बाजू मिळून ६ सेंटिमीटर कापड लागेल. म्हणजे एकूण २० × ६ × २० = २४०० चौरस सेंटिमीटर. जागा तेवढीच, पण कापड सहा पट. त्यामुळे कापडातून जाणाऱ्या हवेचा वेग एक-षष्ठांश होतो आणि अडथळा कमी होतो. आपल्या फुप्फुसातले वायुकोश आणि आतड्यातल्या घड्या यांच्यामागेही हेच तत्त्व आहे.

उंदीर इथे कसा येतो?

आपण सरसकट ज्याला उंदीर म्हणतो त्यात अनेक जाती आहेत. घरातला लहान उंदीर म्हणजे मस मस्क्युलस, आढ्यावर चढणारा मोठा घरउंदीर म्हणजे रॅटस रॅटस, आणि शेतात लांबलचक बिळे करून दाणे साठवणारी घुशीच्या कुळातली बँडिकोटा बेंगालेन्सिस. खार हीदेखील याच कृंतक गणातली आहे आणि तीही मोटारीत काथ्या-कापूस नेऊन ठेवते. चिचुंद्री मात्र उंदीर नाही. ती कीटक खाणाऱ्या वेगळ्या गटातली आहे आणि तिचे दात अगदी निराळे असतात. मोटारीच्या हवेच्या वाटेत बहुधा लहान उंदीर किंवा घरउंदीर सापडतो, कारण हे दोघेही चढण्यात पटाईत असतात. ते टायरवरून किंवा तारांवरून चढून वर येतात.

साधी पेन्सिल ज्या भोकातून जाते त्या भोकातून लहान उंदीर जाऊ शकतो. कवटी शिरली की बाकीचे अंग दाबले जाऊन मागून येते. अंधारात त्याला डोळ्यांपेक्षा मिशा अधिक उपयोगी पडतात. भिंतीला अंग घासत, मिशांनी चाचपत चालणे त्याला सुरक्षित वाटते. म्हणून मोकळ्या खोलीपेक्षा अरुंद नळी त्याला पसंत पडते. हवेची वाट ही तशीच नळी असते. इंजिन नुकतेच बंद केले असेल तर थंडीच्या रात्री ती कोमट राहते हा आणखी एक फायदा.

उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. मोठ्या उंदरात ही वाढ वर्षाला दहा सेंटिमीटरहून जास्त भरते. म्हणून ते झिजवावेच लागतात. या दाताच्या फक्त पुढच्या अंगाला कठीण लुकण असते, मागे मऊ दंतिन असते. मागचा भाग लवकर झिजतो आणि पुढची कड उभी राहते. सुताराची पटाशी दगडावर घासून धार लावतात, तशी या दाताला चावता चावताच धार लागते. लुकणात लोह असल्यामुळे दात पिवळसर-नारिंगी दिसतात. या दातांमागे मोठी मोकळी जागा असते. कुरतडताना गालाची कातडी तिथे आत ओढली जाते आणि तुकडे घशाकडे जात नाहीत. म्हणजे उंदीर एखादी वस्तू न खाताही कुरतडू शकतो. तारेचे आवरण, प्लास्टिकची नळी, फिल्टरची चौकट, इतकेच काय पण शिशाची नळीदेखील त्याच्या दातातून सुटत नाही.

नव्या मोटारींच्या तारांवरचे आवरण सोयाबीनपासून केलेले असते म्हणून उंदीर येतात, असे ऐकायला मिळते. अमेरिकेत काही मोटारमालकांनी यावरून कंपन्यांवर दावेही केले होते. पण सोयाबीनचा काही संबंध नसलेल्या जुन्या तारा आणि टेलिफोनच्या केबलीही उंदीर फार पूर्वीपासून कुरतडत आले आहेत. हिंगोलीसारख्या भागात उंदराला खरे सोयाबीन शेडमध्येच मिळत असताना तो तारेकडे अन्न म्हणून जाईल, हे संभवत नाही. त्याला दात झिजवायचे असतात, वाट मोठी करायची असते आणि घरट्याला सामान हवे असते.

घरटे कशासाठी?

लहान उंदराच्या मादीला साधारण तीन आठवड्यांत पिल्ले होतात, एका वेळी पाच-सहा किंवा जास्त. पिल्लू जन्मते तेव्हा एखाद्या ग्रॅमचे, उघडे आणि आंधळे असते. त्याचे डोळे दोन आठवड्यांनी उघडतात. इतक्या लहान जिवाला अंगची उष्णता टिकवता येत नाही. का, ते पुन्हा गणिताने पाहू. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे आकारमान १ घन सेंटिमीटर आणि पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. १० सेंटिमीटर बाजूच्या घनाचे आकारमान १०००, पण पृष्ठफळ ६०० च असते. म्हणजे लहान घनाच्या प्रत्येक ग्रॅममागे उष्णता निसटायला दहा पट जास्त पृष्ठभाग आहे. उष्णता तयार होते शरीराच्या आकारमानात आणि जाते पृष्ठभागातून. म्हणून लहान प्राण्याला सतत खावे लागते आणि पिल्लांना घरटे लागते.

घरट्याचे काम कापूस करत नाही, कापसात अडकलेली हवा करते. स्थिर हवा उष्णता फार मंदपणे वाहून नेते. आपली वाकळ किंवा गोधडी याच तत्त्वावर चालते. आणि इथे एक गंमत आहे. फिल्टर करणाऱ्याने हवा तंतूंमधून वाकडीतिकडी फिरावी म्हणून जे पिंजलेले कापड केले, तेच हवा धरून ठेवायला उत्तम असते. म्हणजे आपण उंदराच्या वाटेत त्याला हवे तेच सामान घड्या घालून ठेवलेले असते.

धोका किती?

मराठवाड्याला या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर त्या भागातल्या अनेकांनी भीतीने घरात राहणे सोडले आणि धान्य घरांतच राहिले. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला या गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. माणसांनी सोडलेल्या घरांत साठलेल्या धान्यावर उंदीर वाढले, असे त्याचे स्पष्टीकरण त्या वेळी दिले गेले. पुढच्याच महिन्यात सुरतमध्ये फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली आणि लोक शहर सोडून पळाले.

प्लेगचा आणि उंदराचा संबंध उलगडायला बराच काळ लागला होता. १८९४ साली हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येरसॅं यांनी प्लेगचा जंतू ओळखला. १८९६ साली मुंबईत साथ आली. तिथे ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पण रोग उंदराकडून माणसाकडे कसा येतो हे कोडेच होते. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी मधला दुवा पिसू आहे हे प्रयोगाने दाखवले. आजारी उंदीर मेला की त्याचे अंग थंड होते आणि पिसवा दुसऱ्या गरम शरीराच्या शोधात निघतात. गावात एकाएकी खूप उंदीर मरून पडू लागले तर प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवायचे, ते याच कारणाने.

आज एका घरट्यातून प्लेग होईल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. पण इतर रोग आहेत. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात आणि ते कातडीवरच्या जखमेतून किंवा डोळ्यानाकातून शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाची साथ आली होती. हे जंतू ओलाव्यात टिकतात, कोरडेपणात मरतात. हंटाविषाणूंचे उलट आहे. वाळलेली लघवी आणि लेंड्या यांची धूळ श्वासातून गेली की ते शिरतात. कोरियातल्या हंटान नदीवरून त्यांना हे नाव मिळाले. १९९३ साली अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात त्यांच्यामुळे फुप्फुसाच्या आजाराचा उद्रेक झाला. तिथला तो डियर माऊस आपल्याकडे नाही, पण त्यातून शिकायचा धडा सगळीकडे लागू आहे: उंदराची घाण कोरडी झाडायची नाही. मोटारीच्या बाबतीत तर घाण हवेच्या वाटेतच असते आणि तिच्यामागे पंखा असतो. म्हणजे धूळ श्वासात पोचवण्याची सगळी व्यवस्था तयार असते.

फिल्टर बदलताना

बऱ्याच मोटारींत हा फिल्टर डाव्या बाजूच्या कप्प्यामागे, म्हणजे ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो. काहींत तो बॉनेटखाली, काचेच्या मुळाशी असतो. जुन्या किंवा साध्या मोटारींत तो नसतोही. मोटारीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत जागा आणि मुदत दिलेली असते. मुदत बहुधा किलोमीटरमध्ये असते, पण जी मोटार उभीच असते तिच्यासाठी किलोमीटर मोजून उपयोग नाही. दर वर्षी, सोयाबीनची काढणी संपली की फिल्टर उघडून पाहावा, असे आम्ही सुचवू.

एरवी काम सोपे आहे. किल्ली बंद करावी. कप्पा रिकामा करून बाजूच्या खुंट्या आत दाबून तो खाली सोडावा. मागचे झाकण काढून फिल्टर आडवाच, न हलवता बाहेर ओढावा. त्याच्या चौकटीवर बाण असतो, तो हवा कोणत्या दिशेने जाते ते सांगतो. नवा फिल्टर बाणाची दिशा पाहूनच बसवावा. जुना फिल्टर झटकून किंवा हवेच्या झोताने साफ करून परत घालू नये. झटकल्याने वरची धूळ जाते आणि आत रुतलेली तशीच राहते.

उंदराच्या खुणा दिसल्या तर मात्र क्रम बदलतो.

१. पंखा लावायचा नाही. चारही दारे उघडी ठेवून मोटार उन्हावाऱ्यात निदान अर्धा तास ठेवावी. मुलांना लांब ठेवावे.

२. रबरी हातमोजे आणि नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क घालावा. रुमाल पुरत नाही.

३. एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी असे द्रावण ताजे करून घरटे आणि लेंड्या पूर्ण भिजवाव्यात. पाच मिनिटे थांबावे. पंख्याच्या मोटारीवर किंवा तारांच्या जोडांवर ते उडू देऊ नये, ब्लीचने धातू गंजतो. तिथे त्याच द्रावणात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसावे. संडास धुण्याचे आम्ल ब्लीचमध्ये कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो.

४. भिजलेला गोळा फडक्याने उचलून फिल्टरसकट दोन पिशव्यांत, एकीत एक, बांधावा. झाडू, ब्रश किंवा व्हॅक्यूम वापरू नये. जागा पुन्हा एकदा पुसून वाळू द्यावी.

५. हातमोजे घातलेलेच धुवावेत, मग काढावेत आणि हात साबणाने धुवावेत. पुढच्या तीन-चार आठवड्यांत ताप, अंगदुखी किंवा धाप लागली तर डॉक्टरांना उंदराच्या घाणीशी संबंध आल्याचे आठवणीने सांगावे.

तारा कुरतडलेल्या दिसल्या तर मोटार चालू न करता मेकॅनिकला दाखवावी. उघड्या तारेने ठिणगी पडू शकते.

पिल्ले सापडली तर?

हा प्रश्न मुले हमखास विचारतात, आणि शिक्षकाने तो टाळू नये. घरट्यात उघडी, गुलाबी पिल्ले वळवळत असतील तर त्यांचे काय करायचे? एकीकडे हा प्राणी धान्य नासतो आणि रोग पसरवतो. दुसरीकडे समोर आहे तो तीन दिवसांचा, आंधळा जीव. आम्हाला वाटते, दोन्ही गोष्टी मुलांसमोर खऱ्या म्हणून ठेवाव्यात. एक मार्ग असा: झाकण उघडे ठेवून मोटार त्या रात्री तशीच सोडावी. घरटे उघडे पडले की मादी बहुधा पिल्ले एकेक करून तोंडात धरून दुसरीकडे नेते. दुसऱ्या दिवशी साफसफाई करावी. पिल्ले तिथेच राहिली तर निर्णय मोठ्यांनी घ्यावा आणि तो मुलांसमोर तमाशा करून अमलात आणू नये. घरात उंदीर नको हे म्हणणे आणि त्याच्या मरण्याची मजा वाटणे यात फरक आहे. तो फरक शिकवणे हेही विज्ञानशिक्षणाचेच काम आहे.

पुन्हा येऊ नये म्हणून

विष हा सर्वांत सोपा वाटणारा आणि मोटारीत सर्वांत वाईट उपाय आहे. झिंक फॉस्फाइड पोटातल्या आम्लाशी मिळून फॉस्फीन हा विषारी वायू तयार करते. ते मुलांच्या, गुरांच्या आणि कुत्र्यामांजरांच्या वाटेत ठेवणे धोक्याचे आहे. ब्रोमॅडिओलोनसारखी विषे रक्त गोठू देत नाहीत. त्यांनी उंदीर काही दिवसांनी मरतो, आणि तोवर तो हवेच्या नळीत जाऊन बसलेला असू शकतो. विष खाल्लेला उंदीर गव्हाणी घुबडाने खाल्ला तर ते विष घुबडालाही बाधते. उंदरांवर जगणारे घुबड आणि धामण हे शेतकऱ्याचे बिनपगारी राखणदार आहेत. त्यांना मारून उंदीर कमी होत नाहीत. डांबराच्या गोळ्यांचा वास उंदीर सहन करायला शिकतो, आणि हवेच्या तोंडात ठेवलेल्या गोळ्यांची वाफ शेवटी आपल्याच छातीत जाते.

टिकणारे उपाय साधे आहेत. मोटार कडबा आणि पोत्यांपासून दूर उभी करावी. आत शेंगा, फुटाणे, बिस्किटे ठेवू नयेत. हवेच्या तोंडावर ६ मिलिमीटरपेक्षा बारीक भोकांची लोखंडी जाळी बसवून घ्यावी. प्लास्टिकची चालत नाही, आणि फार दाट केली तर हवा अडते. उभी मोटार दर दोन-चार दिवसांनी मोकळ्या जागेत चालवावी आणि बॉनेट उघडून पाहावे. जवळपास पिंजरे लावावेत. उंदराला सुरक्षित आणि निवांत वाटणार नाही इतके केले तरी पुष्कळ होते.

वर्गात करून पाहण्यासाठी

• काचपट्टीवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर देऊन एक पट्टी शाळेच्या फाटकापाशी, एक वर्गात आणि एक झाडाखाली दिवसभर ठेवा. भिंगातून कण मोजा. कोणत्या जागी जाडे कण जास्त आहेत आणि का?

• दोन सारख्या बाटल्यांत सारखेच गरम पाणी भरा. एक उघडी ठेवा, दुसरीभोवती पिंजलेला कापूस गुंडाळा. दर पाच मिनिटांनी तापमान लिहून आलेख काढा. मग तोच कापूस भिजवून प्रयोग पुन्हा करा. ओले घरटे पिल्लांना का मारते ते आलेखच सांगेल.

• एका कागदाला घड्या घालून तो वहीच्या पानाएवढ्या चौकटीत बसवा. किती पट कागद मावला ते मोजा. घड्या दुप्पट खोल केल्या तर काय होईल?

• पेन्सिल घेऊन शाळेच्या धान्यखोलीची पाहणी करा. पोषण आहाराचे तांदूळ जिथे ठेवले आहेत त्या खोलीत पेन्सिल जाईल अशी किती भोके आहेत? दाराखालची फट मोजा. यादी मुख्याध्यापकांना द्या आणि महिन्याने पुन्हा मोजा.

शेवटचा प्रयोग मोटार नसलेल्या शाळेतही करता येतो, आणि त्याचा उपयोग सर्वांत जास्त आहे.